दोन सूत जास्तीचं झाकण

"बीड आटतं म्हणतात, आणि हे वाढलं कसं?" अप्पांनी तिसऱ्यांदा पट्टी लावली.

प्रश्न रास्त होता. त्यांच्या ओतकामाच्या कारखान्यात लाँड्रीच्या पंपाचं फूटभर रुंद बिडाचं झाकण ओतलं होतं. बीड थंड होताना फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आटतं, हे तिथल्या मांजरालाही माहीत. हे झाकण मात्र मापापेक्षा चक्क दोन सूत जास्त भरलं. शेजारी अप्पांची लेक उभी होती, चेहरा एवढासा करून. तिचं हे पहिलंच ड्रॉइंग. जमलं तर ड्रॉइंगचं टेबल तिचं, फसलं तर उद्यापासून मावशीच्या औषधांच्या दुकानात, असं ठरलेलं.

"आटणार म्हणून मी ड्रॉइंगमध्येच एक सूत वाढवलं," ती हळूच म्हणाली.

"अरे देवा!" साच्यासाठी वाळूत दाबायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवणारे सुतारकाका मटकन स्टुलावर बसले. "अगं, माझी पट्टीच मुळी फुटामागे सूतभर लांब असते. त्या आटण्यासाठीच!"

"दोन वाढली, एक आटलं. मग वरचं एक आलं कुठून?" अप्पांना आता रागापेक्षा उत्सुकताच जास्त.

सगळ्यांनी वाळूचे साचे करणाऱ्या मामांकडे पाहिलं. मामा छत न्याहाळत होते.

"पोरीचं पहिलं काम," ते पुटपुटले. "लहान पडलं तर? म्हणून वाळूतून काढताना पॅटर्न चारी बाजूंनी जरा सैल ठोकला, साचा तेवढाच रुंद."

"तिघंही शहाणे! एकमेकांना विचारायला काय झालं होतं?"

लेक डोळे पुसत मावशीला फोन लावणार, तोच लाँड्रीवाल्या बाई टेम्पोत पंप घालूनच हजर. कोणी अडवायच्या आत त्यांनी झाकण उचलून पंपावर ठेवलं. बसलं की हो!

"हे बसलं कसं?" अप्पा ओरडलेच.

"न बसायला काय झालं? तुम्ही ओतकामवाले नेहमी दोन सूत जास्त देता. म्हणून मी मापच दोन सूत कमी सांगितलं होतं. आणखी तीन करा, अगदी अशीच!"

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. "टेबल तुझं. पण आता कोणी काही सुधारायचं नाही. पॅटर्न तोच, आणि मामा, ठोके तेवढेच!"

लेकीने लगेच वही उघडली. "मामा, किती मारले होते?"

"मोजतंय कोण?" मामा कासावीस झाले. "तुझी काळजी वाटत होती, तोवर मारत होतो."