गेनलांची गुप्त क्रिया

आमच्या तिबेटी वस्तीचे प्रमुख टोपगे सभागृह रिकामं करून घ्यायला आले, तेव्हा गेनला, म्हणजे आमचे गुरुजी, योंतेन कमरेत वाकले होते. वाकले ते तिथेच अडकले.

तीस वर्षं ते या सभागृहात वस्तीला एक जुनी तिबेटी क्रिया शिकवत होते. श्वास रोखायचा, हात पावलांशी न्यायचे, अंगातला वारा ताळ्यावर आणायचा. टोपगेंना मात्र त्या जागेत स्वेटरचे गठ्ठे ठेवायचे होते. माणसाला सरळ उभं राहायलाही जागा लागते, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आज ते कुलूप घेऊनच आले होते.

गेनलांच्या समोर बावीस शिष्य वाकलेले. गुरूच्या वर आपलं डोकं जाऊ द्यायचं नाही, हे आमच्यात लहानपणापासून रक्तात भिनवतात. त्यामुळे गुरू उठेनात आणि शिष्यही उठेनात. दारात टोपगे एकटेच ताठ. बावीस चेहऱ्यांनी स्वतःच्याच पायांमधून त्यांच्याकडे रागानं बघितलं. निवडणूक तोंडावर होती. टोपगेही वाकले.

बराच वेळ गेला. टोपगेंनी खालूनच विचारलं, अजून किती? गेनलांना बोलायला श्वास नव्हता. हे मौन फार खोल आहे, असं सगळ्यांनी मानलं.

शेवटी गेनलांची बायको नोर्झोम चहा घेऊन आली. तिनं एकदा बघितलं, किटली खाली ठेवली, नवऱ्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि खांदे मागे ओढले. गेनला सरळ झाले. मागोमाग तेवीस पाठी कडाकडा वाजत उठल्या. टोपगेंची दहा वर्षं आखडलेली कंबर मोकळी झाली होती.

"गेनला, ही कुठली क्रिया?"

"क्रिया कसली डोंबलाची. माझी कंबर धरली होती."

सभागृहात सगळ्यांनी आदरानं हात जोडले. आमचे मोठे लामा जन्मभर 'मला काही येत नाही' असंच सांगतात. जो हे सांगतो त्यालाच सगळं येतं, अशी लोकांची खात्री.

"लपवतायत," एक म्हातारी पुटपुटली.

टोपगेंनी तिथल्या तिथे सभागृह वर्गाच्या नावे लिहून दिलं. संध्याकाळी गुरूला वाहायचं पांढरं उपरणं घेऊन ते गेनलांच्या घरी हजर. ती आतली विद्या मला द्या म्हणाले. अशी काही विद्या नाहीच, अशी गेनलांनी तीनदा शपथ घेतली. दर शपथेला टोपगे आणखी खाली वाकले.

नोर्झोमला राहवेना. "त्यांच्याकडे नाहीच ती. माझ्याकडे आहे. उद्या पहाटे झऱ्यावर या."

पहाटे तिनं त्यांच्या हातात पाण्याचे दोन भरलेले डबे दिले आणि घरापर्यंतच्या एकशे चाळीस पायऱ्या दाखवल्या.

"मधे टेकायचं नाही. हेही रोज पाणी आणताना टेकत नाहीत."

त्या सकाळी टोपगे वर्गात आले ते कमरेत दुमडून, भिंत धरून.

"यांना मिळाली," म्हातारी जळून म्हणाली.

दुसऱ्या पहाटे नोर्झोम उठली, तेव्हा झऱ्यावर डब्यांसाठी सात शिष्यांची भांडणं चालू होती.