महाराजांच्या हातची साखर

एका जंगलात, मुलांनो, सगळं शिजायचं. डाळ शिजायची, कंद शिजायचे, जुनाट सुरणसुद्धा शिजायचा. महाराजांच्या वाढदिवसाची खीर तेवढी शिजत नसे. हे जंगल कुठलं, ते विचारू नका. विचारणाऱ्यांचं काय होतं, ते गोष्टीत पुढे येणारच आहे.

ही खीर वडाखालच्या मोठ्या हंड्यात व्हायची आणि खारीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना पळीपळी मिळायची. करायची तानक्का अस्वलीण. हाताला चव आणि जिभेला धार, अशी बाई. नोकरीबरोबर तिला मोहाच्या झाडाखालची गुहा मिळाली होती. झाडावर मधाची पोळी लोंबत. सकाळी उठावं, हात वर करावा, बोट चाटावं आणि कामाला जावं. तानक्काला याहून जास्त काही नको होतं.

जुन्या महाराजांच्या काळी पद्धत साधी होती. तांदूळ दुधात मऊ शिजले की महाराज यायचे, आपल्या पंजाने साखर घालायचे आणि पंगत बसायची. मग नवे सिंहमहाराज गादीवर आले. त्यांनी ही पद्धत ऐकली आणि त्यांची आयाळ उभी राहिली.

"शेवटी? आधी लाकडं, मग दूध, मग तांदूळ, आणि आम्ही त्यांच्या मागून?"

"चूक झाली, महाराज," प्रधान कोल्हा म्हणाला. चूक कोणाचीच नव्हती, पण हे वाक्य कोल्ह्याच्या तोंडात कायम तयार असे.

तेव्हापासून शुभारंभ सुरू झाला. दूध-तांदूळ हंड्यात पडले रे पडले की महाराज पाटीभर साखर ओतत. ढोल वाजत. पोपट जयजयकार करत. मग चुलीला जाळ लागे.

आता घरी जाऊन आईला विचारा. कच्च्या तांदळावर साखर पडली की तांदूळ अडून बसतो. साखर पाणी धरून ठेवते, दाणा फुगत नाही. मग कितीही जाळ घाला. दूध आटतं, तळ करपतो, दाणा मात्र खड्यासारखा.

तानक्काला हे पहिल्याच वर्षी कळलं. ती तडक प्रधानाकडे गेली.

"कोल्होबा, साखर मागून घालू या की. दाणा शिजू दे आधी."

"म्हणजे महाराजांच्या हातात दोष आहे?"

"हातात नाही हो. वेळेत."

"महाराजांची वेळ चुकते?"

तानक्का आल्या पावली परत फिरली. तिला मोहाचं झाड आठवलं.

खीर का शिजत नाही, हे शोधायला समिती नेमली. अध्यक्ष गाढव. त्याने पहिल्या वर्षी लाकडं बदलली. पुढच्या वर्षी हंडा बदलला. मग पाण्यात दोष निघाला म्हणून ओढाच वळवला आणि बेडकं उघड्यावर पडली. साखरेजवळून समिती दरवेळी मान दुसरीकडे वळवून जाई. शेवटी दोष दुधात सापडला. चांगुणा म्हशीच्या दुधात उत्साह कमी आहे, असा निष्कर्ष निघाला आणि म्हशीला नदीपलीकडच्या खडकाळ माळावर धाडलं.

"बाई गं," चांगुणा जाताना तानक्काच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी जयजयकार केला नाही म्हणे. अगं, रवंथ करत होते. तोंडात घास होता!"

तानक्काने तिचे डोळे पुसले. पण ती दरबारात काही बोलली नाही. हेही लक्षात ठेवा.

पुढच्या वाढदिवशी महाराजांनी खिरीचा घास घेतला आणि कडकन आवाज झाला. तो इशारा समजून ढोलवाल्या सांबराने ढोल बडवायला सुरुवात केली. खरं तर महाराजांचा सुळा तुटला होता.

"पुढच्या वेळी खीर शिजली नाही," महाराज गाल धरून म्हणाले, "तर ही अत्वलीण नदीपलीकडे!" दाताअभावी त्यांना 'स' म्हणता येत नव्हता. हसण्याची हिंमत कोणी केली नाही.

तानक्काला वर्षभर मध गोड लागला नाही.

मग तिने एक युक्ती केली. वाढदिवसाच्या सकाळी तिने आपल्या गुहेतच तांदूळ पाण्यात शिजवून घेतला. दोन बोटांत धरला की विरघळेल इतका मऊ. तो हंड्यात घातला आणि वरून दूध ओतलं. वरून पाहिलं तर नुसतं पांढरं. महाराज आले. साखर पडली. ढोल वाजले. जाळ लागला.

आणि खीर झाली! दाट, मऊ, वेलदोड्याच्या वासाची. तोंडाचं बोळकं झालेल्या हत्तीणआजीने तीनदा मागून घेतली. महाराजांनी पातेलं चाटलं, मग डाव चाटला.

"पाहिलंत आमच्या हातचा गुण?" ते म्हणाले.

"दूध बदलल्याचा परिणाम," गाढव म्हणालं.

तानक्का वडाला टेकून बसली. तिच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरलं होतं. इतक्यात कोल्हा उठला.

"महाराज, एक शंका. यंदा खीर शिजली, म्हणजे तानक्काला खीर शिजवता येते."

"येते की."

"मग इतकी वर्षं तिने का शिजवली नाही? आपला सुळा कोणामुळे गेला?"

पंगत जिथल्या तिथे थांबली. महाराजांनी जिभेने दाताची रिकामी जागा चाचपली.

तानक्काचा तोल गेला. ती कमरेवर पंजे ठेवून उभी राहिली.

"का शिजवली नाही? अहो, तुम्ही साखर आधी ओतता म्हणून! आणि हे काय मला एकटीलाच ठाऊक आहे? हत्तीणआजी, तुम्ही घरी साखर कधी घालता? सांबरदादा, तुमच्या घरी? कोल्होबा, परवा तुमच्या पोराच्या बारशाची खीर मी जेवले. लोण्यासारखी होती! साखर कधी घातली होती हो?"

"आमच्या घरी," कोल्हा शांतपणे म्हणाला, "खीर करतच नाहीत."

कोल्हीण मान खाली घालून पदराचं टोक चावत होती. हत्तीणआजीला अचानक कमी ऐकू येऊ लागलं. सांबर ढोलाची दोरी आवळत बसलं. साऱ्या पंगतीच्या तोंडात शिजलेली खीर होती, आणि भरल्या तोंडाने बोलू नये, हे सगळ्यांना लहानपणी शिकवलेलं होतं.

सूर्य कलायच्या आत तानक्का नदीपलीकडे पोहोचली.

तिची नोकरी गाढवाला मिळाली. गुहाही मिळाली. गाढवाला मधाचं काय? झाडावरची पोळी त्याने बेकायदा बांधकाम म्हणून पाडून टाकली. पुढच्या वाढदिवशी खीर पुन्हा कच्ची राहिली, तेव्हा दवंडी पिटली गेली: खीर हा चावून खायचा पदार्थ आहे. शाळेतही तेच शिकवू लागले. मऊ खीर खाणाऱ्या पोराला बाकावर उभं करत.

नदीपलीकडे खडकात मधाचा थेंब नव्हता. पण चांगुणाचं दूध होतं. तानक्का त्यात तांदूळ मऊ शिजवायची आणि मग साखर घालायची. वारा फिरला की त्या खिरीचा वास इकडे यायचा. आपापल्या दारात उभे राहून सगळे तो पोटभर हुंगायचे.

सध्या वाऱ्याची चौकशी चालू आहे. अध्यक्ष अर्थात गाढव.

तात्पर्य: मुलांनो, बिघडलेलं काम गुपचूप नीट करू नका. कच्ची खीर वाढणाऱ्याला फार तर ओरडा बसतो. शिजलेली वाढणाऱ्याला आधीच्या सगळ्या कच्च्या खिरींचा हिशेब द्यावा लागतो. तेव्हा महाराजांची साखर पडू द्या, दात घट्ट ठेवा आणि चावता चावता म्हणा, "वा! यंदा मात्र चांगली शिजली."