न ठरलेलं एक मत

लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखी असते. ज्याचं मत अजून ठरलेलं नाही त्याच्या मताची मात्र किंचित जास्त असते, आणि ही जास्तीची किंमत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता शून्यावर येते. हा नियम कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. तरी त्याची अंमलबजावणी इतर कुठल्याही कायद्यापेक्षा चोख होते, हे बघूरावांनी त्या वर्षी स्वतः अनुभवलं.

बघूराव पाणीपुरवठा खात्याच्या मीटर तपासणी विभागात होते. गावभरातून काढून आणलेले पाण्याचे मीटर एका लांबलचक लोखंडी टेबलावर ओळीनं बसवायचे, त्यांतून मोजून वीस लिटर पाणी सोडायचं आणि मीटर किती दाखवतो ते बघायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. शेवटचा थेंब वाहून जाईपर्यंत मीटर चांगला की वाईट हे ते सांगत नसत. कुणी घाई केलीच तर "बघू" म्हणत. ही सवय हळूहळू घरीही गेली. लग्नाला येणार का, सोफा बदलायचा का, तब्येत कशी आहे, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळू लागल्यावर लोकांनी त्यांचं नावच बघूराव पाडलं. (या नावाला त्यांची काही हरकत आहे का, असं रीतसर विचारण्यात आलं होतं. उत्तर तेच आलं.)

त्या वर्षी देशाची निवडणूक लागली. पक्ष तसे पुष्कळ होते, पण भांडायला दोन पुरतात. एकाचा जाहीरनामा चारशे बारा पानांचा, म्हणून विभागात त्याला जाड पक्ष म्हणत. दुसऱ्याचा अकरा पानांचा आणि त्यातल्या सात पानांवर नेत्याचे फोटो, म्हणून तो बारीक पक्ष. दोघांच्या धोरणांत जमीन-अस्मानाचा फरक होता. जाड पक्षाचं म्हणणं, गरजूंना मदत वाढवू आणि करही कमी करू. बारीक पक्षाला हे साफ नामंजूर होतं. त्यांचं म्हणणं, कर कमी करू आणि गरजूंना मदतही वाढवू. या तात्त्विक मतभेदापायी विभागातल्या दोन फिटरांनी गेले तीन आठवडे एकमेकांना पाना दिला नव्हता.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांना हात वर करायला लावले. (मतदान गुप्त असतं. जेवणाची सुट्टी नसते.) चार जाड निघाले, चार बारीक. एक हात वर नव्हता, कारण त्या हातात डब्याचं झाकण होतं.

"बघूराव, तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

"बघू."

आठही माना त्यांच्याकडे वळल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या या उत्तराकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून फरक पडला. बघूरावांची खुर्ची आजवर गळक्या नळाशेजारी होती आणि त्यांच्या चपला बारा महिने ओल्या असत. ती खुर्ची कुणीतरी उचलून खिडकीशी नेऊन ठेवली. बाईंनी आपल्या कपातला अर्धा चहा त्यांना ओतून दिला. हे पाहून बारीकवाल्या मोठ्या फिटरनं घरून केक आणला. घरी तर याहून बिकट परिस्थिती होती. बायको जाडवाली, आणि तिचा टायरवाला भाऊ कट्टर बारीकवाला. एरवी वर्षातून एकदा उगवणारा मेहुणा आता रोज संध्याकाळी येऊन बसायला लागला. बायकोनं तर एकदा कमालच केली. "अहो, तुम्हाला काय वाटतं?" असं तिनं विचारलं. बघूरावांनी मागे वळून पाहिलं, खोलीत आणखी कोण आलंय म्हणून.

"भावोजी, सोपं आहे," मेहुणा समजावून सांगे. "कर कमी झाला की माणूस टायर घेतो. टायर घेतला की गाडी पळते. गाडी पळाली की देश पळतो."

"आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तो?" बायको स्वयंपाकघरातून विचारी.

"त्यानं बाजूला व्हावं. देश पळतोय ना!"

"तुझ्या दुकानाला सरकारी मदत मिळाली तेव्हा कोण बाजूला झालं होतं रे?"

"ताई, ती मदत नव्हती. प्रोत्साहन होतं."

मेहुणा इथे दुखावला जाई आणि मग जेवूनच जाई.

वाद कितीही पेटला तरी दोन गोष्टींवर सगळे एक होते, हे नमूद करायला हवं. विभागातल्या आठांपैकी आठजणांच्या मते श्रीमंत म्हणजे आपल्याहून जास्त पगाराचा माणूस, आणि त्याच्यावर कर वाढवायलाच हवा. तसंच आठांपैकी आठजणांच्या मते फुकट्या म्हणजे आपल्याला न मिळालेली मदत ज्याला मिळते तो. देशात एवढं एकमत दुसऱ्या कशावरही नसावं.

बघूराव हे सगळं ऐकत आणि केक खात. लोकांना वाटे, माणूस भाव खातोय. थोडाफार खातही होते, खोटं कशाला बोला. पण त्यांचं ठरत नव्हतं त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते दोन गल्ल्या सोडून राहत होतं.

तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. तिचे यजमान चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. दर मंगळवारी सरकारकडून एक मदतनीस बाई येई आणि तीन तास त्यांच्याजवळ थांबे. (यजमान अजून बरे झालेले नाहीत असा दाखला ताईला दर सहा महिन्यांनी द्यावा लागे. बरे न झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याचा रकाना अजून फॉर्मात आलेला नाही.) त्या तीन तासांत ताई औषधं आणायची, बँकेत जायची, दळण-भाजीचं बघायची. एका मंगळवारी मीटर आणायला जाताना बघूरावांना ती बसच्या खिडकीतून दिसली होती. बागेतल्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसलेली. झोपली नव्हती. नुसती बसली होती. बघूरावांनी हे कुणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही.

निवडणुकीच्या महिनाभर आधी ताई म्हणाली, "अरे, टीव्हीवर सारखं खर्च कमी करायचं चाललंय. माझे तीन तास राहतील ना रे?"

बघूरावांच्या तोंडात "बघू" आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "विचारतो."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुम्ही फार लहान विचार करता. देशाचा करा." बायको म्हणाली, "चारशे पानं आहेत, त्यात असेलच की कुठेतरी." जाहीरनामा कुणीच वाचलेला नव्हता. वाचल्यावर मत बदलण्याचा धोका असतो, आणि तो पत्करायला दोन्ही बाजूंची तयारी नव्हती.

शेवटी बघूरावांनीच वाचला. वीस लिटर पाणी वाहायला सहा मिनिटं लागतात, तेवढ्यात चार पानं होत. दोनशे सत्त्याऐंशीव्या पानावर त्यांना हवं ते वाक्य सापडलं: "गृहाधारित काळजीसेवांचे सुसूत्रीकरण करण्यात येईल." मग बारीक जाहीरनामा उघडला. त्यात नवव्या पानावर, नेत्याच्या कोपराखाली लिहिलं होतं: "अनावश्यक योजना बंद, आवश्यक योजना भक्कम!" कुठली योजना कशात मोडते, ते कोपराआड गेलं असावं.

"बाई, सुसूत्रीकरण म्हणजे वाढवणार की कापणार?" त्यांनी विभागात विचारलं.

"सुसूत्रीकरण म्हणजे... सूत्रात आणणार," बाई म्हणाल्या.

"आपल्या खात्याचं झालं होतं तेव्हा दोन शिपाई गेले आणि एक टेबल आलं," मोठा फिटर म्हणाला.

"ते प्रशासकीय सुसूत्रीकरण होतं. हे कल्याणकारी आहे."

यावर सव्वा तास चर्चा झाली. त्या दिवशी एकही मीटर तपासला गेला नाही, आणि तीन तास राहणार की जाणार हे सोडून देशापुढचे सगळे प्रश्न सुटले.

बघूरावांनी जाड पक्षाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. त्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे असं त्यांना बावीस मिनिटं संगीतासह सांगण्यात आलं. मग एक मुलगी बोलली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या ताईंचं मत कुणाला आहे?"

"ते मी विचारलं नाही."

"मग आधी तेवढं विचारून घ्याल का? म्हणजे आम्हाला नोंद करता येईल."

पुढच्या आठवड्यात बारीक पक्षाचे उमेदवार स्वतः विभागात आले. बघूरावांनी ओले हात पुसले आणि त्यांनाही तोच प्रश्न केला. उमेदवारांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखे प्रश्न विचारणारे नागरिक आहेत म्हणून हा देश आहे." टाळ्या पडल्या, फोटो निघाला आणि उमेदवार निघून गेले. उत्तर मिळालं नाही हे बघूरावांच्या लक्षात यायलाच दहा मिनिटं लागली, इतकं ते छान न दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पत्रकावर तो फोटो आला. खाली छापलं होतं: "जागरूक नागरिक आमच्यासोबत." बायकोनं पत्रक टेबलावर आपटलं. "ठरलं ना शेवटी? माझ्या भावाला सांगितलंत, मला नाही!" मेहुणा त्या संध्याकाळी आलाच नाही, काम झालं होतं. विभागात खुर्ची पुन्हा नळाशेजारी आली. "अहो, ठरलेलं नाही माझं!" असं बघूरावांना चारचौघांत ओरडून सांगावं लागलं, तेव्हा कुठे ती परत खिडकीशी गेली.

मतदान नेमकं मंगळवारी आलं आणि त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मदतनीस बाई येणार नव्हती. बघूराव सकाळी सातला केंद्रावर गेले, मत दिलं आणि तसेच ताईकडे गेले. "जा, तू मत देऊन ये. मी बसतो यांच्याजवळ," ते म्हणाले. यजमानांना पाणी पाजलं, कुशीवर वळवलं, पेपर वाचून दाखवला. केंद्र ताईच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि रांग नव्हती. ताई दीड तासानं आली. बघूरावांनी तिच्यासाठी चहा टाकला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले.

इकडे केंद्राच्या फाटकाशी बाई, मोठा फिटर, बायको आणि मेहुणा दुपारपासून बघूरावांची वाट पाहत होते; शेवटच्या तासाच्या आत ते मत देणार नाहीत, अशी सगळ्यांची खात्री होती. ताईकडे फोनची घंटा बंद ठेवायची पद्धत होती, यजमान दचकतात म्हणून; त्यामुळे बघूराव फोनवर सापडत नव्हते. आपण आत गेलो आणि नेमके तेवढ्यात ते आले, तर समोरचा त्यांना गाठणार, या भीतीनं चौघांपैकी एकही जण आत जाईना. वेळ जावा म्हणून कर आणि कल्याण यांवर चर्चा चालू होती. जाणकारांच्या मते ती त्या निवडणुकीतली सर्वोत्तम चर्चा होती. सहा वाजता फाटक बंद झालं तेव्हा मेहुणा "आकडेवारी बघा" म्हणत होता.

बघूराव सात वाजता घरी पोचले, तेव्हा चौघंही तिथे येऊन बसले होते.

"होतात कुठे?" मेहुणा ओरडला. "मत?"

"सकाळीच दिलं."

"कुणाला?"

चौघंही पुढे वाकले. ताईनं कसं केलं, तिकडे कोण थांबलं, यजमान कसे आहेत, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. बघूरावांनी चपला काढल्या आणि हातपाय धुवायला आत गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची नळाशी होती.

यथावकाश निकाल लागला, एक पक्ष जिंकला आणि जाहीर केल्याप्रमाणे सुसूत्रीकरण झालं. चार महिन्यांनी ताईला त्याचं पत्रही आलं.

बघूरावांनी मत जाडला दिलं की बारीकला, हे आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही, याबद्दल वाचकांकडून तक्रारी येत आहेत. तक्रारी रास्त आहेत आणि त्यांची नोंद घेण्यात आली आहे. पत्रात काय होतं, असं विचारणारी मात्र एकही तक्रार आलेली नाही. आपण आत्ता तेच विचारणार होतात, अशी नोंद आम्ही आपल्या नावापुढे करून ठेवतो.