सासरेबुवांना न सापडलेला बिघाड

"एसी मीच बघतो," असं मी म्हणालो आणि बायकोने हातातला चहाचा कप खाली ठेवला. माझ्या वाक्यात 'मीच' आलं की तिला पुढचं सगळं दिसायला लागतं.

त्याचं असं झालं. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. भाजी दारात यायची, डॉक्टर घरात यायचे. सासूबाई खिडकीशी बसायच्या, पण बाहेर बघायच्या नाहीत. बायको विनवून थकली. रात्री मला म्हणायची, "अहो, बाबा तर गेलेच, आता आईपण हळूहळू जातेय." मग मी तिला इकडचं तिकडचं सांगत राहायचो. (मला थोडं बोलायची सवय आहे. 'थोडं' या शब्दाला घरातून हरकत आहे.)

शेवटी एकदा लेकीच्या आग्रहाला कंटाळून सासूबाई म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीचा एसी चालू होऊ दे, मग तिच्यातूनच येते फिरायला. तोवर मला कुणी काही म्हणू नका."

गाडी म्हणजे अंगणात उभी असलेली सासऱ्यांची लाल, बुटकी, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. इतर गाड्यांत माणूस चढतो, हिच्यात उतरावं लागतं. सासरे पेशाने घड्याळजी. मनगटी घड्याळातला केसाएवढा बिघाड कानाला लावून सांगायचे. पण या गाडीचा एसी बंद पडला तो पडलाच. दर रविवारी बॉनेट उघडून त्यात डोकं घालायचे, सासूबाई शेजारी स्टुलावर टॉर्च धरून बसायच्या, आणि वर्षानुवर्षं बिघाड काही सापडला नाही. जे त्यांना जमलं नाही ते आवक-जावक टेबलवरचा एक कारकून करायला निघाला होता.

मेकॅनिक आणायची सोय नव्हती. गाडीला परका हात लागता कामा नये, हा सासऱ्यांचा नियम घरात अजून पाळला जातो. जावई परका की घरचा, यावर सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "करा तुम्ही. तुमच्यावर माझा विश्वास आहे." मी भारावून गेलो. (विश्वास कशाचा होता, ते पुढे कळेलच.)

मी थेट डॅशबोर्डच उघडला. परत बसवला तेव्हा एक स्क्रू उरला आणि उजवा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायला लागला. मग मात्र मी ऑफिसजवळच्या गॅरेजवाल्याला फोन लावला.

"वारा येतो का?"

"येतो. पण गरम. आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा."

"तो पंख्याचा. गाडी चालू ठेवा, एसी लावा आणि कॉम्प्रेसर टक् करतो का ऐका."

"बरं. कॉम्प्रेसर कुठे असतो?"

पलीकडे त्याने हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

बायकोला सीटवर बसवून मी बॉनेटखाली वाकलो. "लाव!"

टक्!

"आला! बंद कर. आता परत लाव!" मी आणखी वाकलो. टक्!

"अहो," आतून आवाज आला, "या वेळी मी हातसुद्धा लावला नव्हता."

दोन्ही वेळा माझा गुडघाच वाजला होता.

"म्हणजे कॉम्प्रेसरला करंटच जात नाही," गॅरेजवाला म्हणाला. "गाडी बंद करा आणि त्याची वायर शोधा."

शोधली. ती एका पाइपामागे नीट वळवून ठेवलेली होती. टोकाला काळी टेप, सुबक गुंडाळलेली. टेप काढली, वायर खोचली, गाडी परत चालू केली. या वेळी टक् झालं आणि माझे दोन्ही गुडघे गप्प होते! बायकोने पंखा मोठा केला, तो घरघरला, वर्षानुवर्षांची धूळ तिच्या तोंडावर बसली, आणि धुळीमागून गार वारा आला. फार गार नव्हता, पण गारच. बायको धुळीतून हसत होती. डोळ्यांत पाणीही होतं.

आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा पडला.

"कुणी लावला?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

त्या मटकन स्टुलावर बसल्या. "मला वाटलं होतं, तुम्हाला काही जमायचं नाही."

"आई!" बायको ओरडली.

"अगं, ती वायर मीच उपटली होती. हा पंखा लागला की ह्यांना माझं एक अक्षरही ऐकू जायचं नाही. आठवड्यात एक दिवस हा माणूस मोकळा मिळायचा, तोही या घरघरीत जायचा. एसी बंद पडल्यावर गरम वाऱ्यासाठी पंखा कोण लावतंय? आम्ही काचा खाली करून हळूहळू फिरायला जायला लागलो. किती बोलायचो! पण ह्यांना सांगायचा धीर नाही झाला कधी. बिचारे शोधत राहिले."

"पण टेप तुम्ही फार छान लावलीत हं," मी म्हणालो. (मला गप्प बसवत नाही.)

"कसली टेप? मी नुसती ओढून काढली होती."

मी टेप त्यांच्या हातात दिली. आतला थर वाळून कडक झालेला, वरचा बऱ्यापैकी नवा. कुणीतरी तिच्यावर पुन्हा पुन्हा नवी टेप गुंडाळली होती. घड्याळजीचंच काम ते.

सासूबाई बोटांनी टेप चाचपत राहिल्या. "म्हणजे ह्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मग दर रविवारी शोधत काय होते?"

"तुला टॉर्च धरायला बोलवत होते, आई," बायको म्हणाली.

सासूबाई रडल्या. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी मनसोक्त. मग पदराने तोंड पुसून त्यांनी चपला मागितल्या. बायको आणायला पळाली. चपलांवर धूळ साचली होती.

"आई, वायर परत काढू का?" मी विचारलं.

"नको. राहू दे."

मी आणि सासूबाई निघालो. फाटकातून उजवीकडे वळताना हॉर्न वाजला आणि शेजारपाजारचे सगळे सासूबाईंना बघायला बाहेर आले. सासूबाईंनी त्यांना हात केला. मला फार भरून आलं. सासरे-सासूबाईंच्या गाडीतल्या त्या जुन्या गप्पा आपण पुढे चालवल्या पाहिजेत, असं वाटून मी बोलायला सुरुवात केली. डॅशबोर्ड कसा उघडला, स्क्रू कसा उरला, कॉम्प्रेसर म्हणजे काय. कोपऱ्यापर्यंत त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हात पुढे करून पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आम्ही परत आलो तेव्हा बायको फाटकातच उभी होती. "काय गं आई, कसा वाटला एसी?"

"छानच आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या पण जाऊ आम्ही. जावईबापू एवढं बोलतात, पण एक शब्द ऐकू येत नाही."