तात्यांचे पावसाळे

आमच्या शेजारचे तात्या कुठल्याही वस्तूचं मोल रुपयांत सांगत नसत, पावसाळ्यांत सांगत. माझी नवीकोरी छत्री त्यांनी उघडली, मिटली, कडेचं कापड दोन बोटांत चोळलं आणि परत देत म्हणाले, "मास्तर, दोन पावसाळे. तिसऱ्याले तुमी भिजसान." माझ्या सासऱ्यांना त्यांनी एकदाच पाहिलं, तेही ओट्यावरून. सासरे कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाले, "वीस तरी हायेत," आणि माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

तात्या तंबू आणि ताडपत्र्या शिवत. महायुद्ध संपलं तसे मिलिटरीचे जुने ट्रक लिलावात निघाले. पुढे संस्थानं एकामागून एक विलीन झाली, तेव्हा त्यांच्या फौजांचेही ट्रक मोडीत आले. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांनी ते कापसाच्या गाठी आणि बहादरपूरची केळी वाहायला घेतले. इंजिनाची नाडी पाहणारे मिस्त्री पेठेत पैशाला पासरी होते. पण ट्रकवरची ताडपत्री खरी मिलिटरीची, की कुणी जाडंभरडं कापड हिरव्या रंगात बुडवून वर खोटा नंबर छापलाय, हे सांगणारा माणूस एकच.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी डोळे मिटून वास. मग कोपरा जिभेला लावायचा. "मेण पाजलेलं हाये. असली!" मग लांबीरुंदी मोजायची, तीही वितीने, कारण हा शिवणारा माणूस घरात मोजायचा लाकडी गज ठेवत नसे. शेवटी ताडपत्री खाटेवर सैल पसरून मधल्या खळग्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि चहा प्यायला बसायचं. चहा संपेतो खाली थेंब पडला नाही, तर माल खरा. चहा गिऱ्हाइकाने पाजायचा. पाणी टिको न टिको, चहा दर वेळी संपायचा.

या सगळ्याच्या आधी मात्र ते ताडपत्री उलटी करून तिची ठिगळं शोधत. ठिगळ सापडलं की नाक टेकवून त्याचे टाके बघत बसत. मी एकदा कारण विचारलं. "टाका पाहिला की मानूस दिसते," म्हणाले. मला वाटलं, विक्षिप्तपणा. मास्तर लोकांना दुसऱ्यांचा विक्षिप्तपणा लवकर दिसतो.

संक्रांतीनंतरची गोष्ट. केळीचे व्यापारी बन्सीशेट इंदूरकडून एक मिलिटरी ट्रक घेऊन आले. वरची ताडपत्री म्हणजे चिंधीच होती. मी तिला अर्धा पावसाळाही दिला नसता. तात्यांनी सवयीप्रमाणे ती उलटली, मागच्या बाजूचं एक ठिगळ पाहिलं आणि मटकन खाली बसले. वास नाही, जीभ नाही, पाणी नाही. समोरचा चहा निवून गेला.

"शेट, हे मले द्या," ते म्हणाले. "बदल्यात माझी घ्या."

त्यांची म्हणजे दुकानावर ताणलेली, पंधरा पावसाळ्यांची, जिला ते कुणाला हातसुद्धा लावू देत नसत ती. बन्सीशेट चपळाईने उठले आणि सरळ त्या चिंधीवर जाऊन बसले.

"तात्या, सच बोलो. इसमें क्या सिला है?"

"काही नाही."

"मग नाही देणार! पंधरा पावसाळे देऊन कोणी चिंधी घेतो?"

तेव्हा तात्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांचा धाकटा भाऊ बापू त्यांच्याच हाताखाली शिवण शिकला होता. बापू डावखुरा, त्यामुळे त्याचा टाका सगळ्यांच्या उलट्या अंगाला झुके. तात्यांनी एकदा चार गिऱ्हाइकांदेखत त्याच्या डाव्या हातावर गज मारला. त्याच दिवशी बापू घर सोडून गेला आणि मिलिटरीत ड्रायव्हर झाला. दोन पत्रं आली. लढाई संपली, पण ना तिसरं पत्र आलं, ना बापू. ड्रायव्हर लोक आपल्या गाडीची ताडपत्री आपणच सांधतात, एवढ्याच आशेवर तात्या इतकी वर्षं लोकांच्या ताडपत्र्या उलटत होते.

"आनं हा त्याचा टाका हाये."

मी मनात म्हटलं, ताडपत्री आली म्हणजे माणूस आहे, असं थोडंच असतं? लढाईत गेलेल्या माणसांच्या गाड्याही लिलावात येतातच. तात्यांनी माझा चेहरा वाचला.

"मास्तर, दोरा पहा. कोरा हाये." त्यांनी तो जिभेला लावला. "यानं एकही पावसाळा खाल्ला नाही. हा टाका दिवाळीनंतरचा हाये."

बन्सीशेट चिंधीवरून उठले. त्यांनी ती स्वतःच्या हाताने घडी घालून तात्यांच्या मांडीवर ठेवली आणि ट्रक ज्याच्याकडून घेतला त्या माणसाचा पत्ता मला सांगितला. पंधरा पावसाळ्यांची ताडपत्री त्यांनी घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

बापूसाठी त्या पत्त्यावर पाठवायचं कार्ड मी लिहिलं, म्हणजे चार लिहिली. पहिली तीन तात्यांनी फाडली, कारण प्रत्येकात ते मोठ्या भावासारखे रागावत होते. मग ते उठले, त्यांनी ते ठिगळ खाटेवर पसरून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि चहा न पिताच खाली वाकून बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता लिवा. तुझ्या टाक्यातून पानी आलं नाही. घरी ये."

होळीच्या चार दिवस आधी, भर दुपारी बापू आला. लढाईनंतर तो त्या पत्त्यावरच्या मालकाकडे त्याच ट्रकवर ड्रायव्हर होता, ट्रक बन्सीशेटना विकला गेल्यावर तिथेच बिनकामाचा अडकला होता. रागावलेल्या भावाच्या दारात कोणत्या तोंडाने यायचं, म्हणून थांबला होता, एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी शाळेत मी एकाही पोराला ओरडलो नाही.

तात्यांनी मिठी वगैरे मारली नाही. "जेवला का?" म्हणाले. जेवण झाल्यावर त्यांनी ती चिंधी खाटेवर अंथरली, तीनदा चुकून चौथ्यांदा सुईत दोरा ओवला आणि सुई बापूच्या डाव्या हातात दिली.

बापूने फाटलेला भाग हाताने सारखा केला आणि ठिगळ मोजायला इकडेतिकडे पाहिलं. "दादा, गज कुठी हाये?"

"चुलीत घातला," तात्या म्हणाले. "तू गेला त्याच रोजी. वितीनं मोज."