बिनविस्तवाच्या इंजिनाची फेरी

"याला कोळसा नको, विस्तव नको! सकाळी एकदा वाफ भरा आणि दिवसभर पळवा!" फिटरमामा येईल त्याला सांगत असत. रेल्वेच्या संग्रहालयात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती, आणि त्यातला बराचसा काळ हेच सांगण्यात गेला होता.

तसं ते इंजिन होतंही जगावेगळं. दारूगोळ्याच्या कारखान्यात ठिणगी उडून चालत नाही, म्हणून मुद्दाम बनवलेलं. धुराडं नाही, भट्टी नाही, नुसती चाकांवर ठेवलेली गलेलठ्ठ टाकी. बाहेरच्या बॉयलरमधून उकळतं पाणी आणि वाफ तिच्यात भरायची, थर्मासमध्ये चहा भरतात तशी, आणि पुरेल तोवर चालवायचं. ते दिवसभर पुरतं, ही मामांची भर. खरं म्हणजे तीन फेऱ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी.

अशात वरून पत्र आलं. जागा अपुरी पडते आहे, सबब बंद पडलेली इंजिनं भंगारात काढावीत. मोठे साहेब स्वतः पाहणी करतील. पत्र वाचल्यापासून मामांना घास गोड लागेना. त्या टाकीवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

"साहेबांना स्वतः फिरवून आणतो," त्यांनी जाहीर केलं. "मग बघू कोण भंगार म्हणतो ते!"

शेजारच्या लॉन्ड्रीचा बॉयलर पहाटे पेटायचा आणि नऊला विझायचा. मामांनी तिथून नळी ओढली आणि नऊच्या ठोक्याला टाकी गच्च भरून घेतली. साहेब दहाला यायचे होते. ते साडेबाराला आले. मोठ्या माणसांचं घड्याळही मोठं असतं!

गाडीतून उतरणाऱ्या साहेबांना नमस्कार करता करता मामांची नजर दाबाच्या काट्यावर गेली. काटा पाव भागावर लोळत होता.

"वाफ कुणी घेतली?" मामा दबक्या आवाजात ओरडले.

"मी फक्त शिट्टीची तालीम केली," पहारेकरी म्हणाला. "आठ-दहा वेळा. साहेबांपुढे फसायला नको."

"मी कचेरीचे पडदे वाफेवर सरळ केले," कारकूनबाई म्हणाल्या. "चारच तर आहेत."

मामी संग्रहालयाचं कँटीन चालवत. त्यांनी पदर खोचला. "मी चहाचं पाणी तापवलं, तीन किटल्या. माझ्याकडे काय बघता? दिवसभर पुरतं म्हणून तुम्हीच तर गावभर सांगत असता!"

थेंबे थेंबे तळं साचतं तसं उपसलंही जातं. पण आता 'नको' कसं म्हणायचं? मामांनी मनातल्या मनात काट्याला हात जोडले आणि साहेबांना वर घेतलं.

इंजिन निघालं, आणि काय ऐटीत निघालं! धूर नाही, खडखडाट नाही. मागच्या डब्यात बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खूश झाले.

"वा! आवाजसुद्धा नाही!"

"लोण्यासारखं चालतं साहेब!" मामा म्हणाले आणि आनंदाच्या भरात त्यांनी लांबलचक शिट्टी दिली.

ती शेवटची वाफ होती. किलोमीटरभर रुळाच्या टोकाला, बरोबर फाटकाच्या रस्त्यावर आडवं येऊन इंजिनाने मान टाकली. एका ट्रकने भोंगा वाजवायला सुरुवात केली.

"कोळसा टाका," साहेब म्हणाले.

"टाकायला तोंडच नाही साहेब याला."

"मग हे चालतं कशावर?"

"वाफेवर."

"मग वाफ करा!"

"ती लॉन्ड्रीत होते."

"मग लॉन्ड्रीला सांगा!"

"ती नऊला बंद होते साहेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी आहे साहेब. बढाई मी मारली. इंजिनाचा काही गुन्हा नाही. हवं तर मला काढा, पण याला भंगारात नका काढू!"

"ते नंतर," साहेब म्हणाले. "आधी रस्ता मोकळा करा."

डबा सोडवून फाटकाजवळच्या जादा रुळावर सारला. पहारेकरी आणि कारकूनबाई धावत आले, पाठोपाठ मामी आल्या, ट्रकवाला खाली उतरला, पाच पाहुणे उतरले. सगळ्यांनी खांदा लावला. इंजिन तसूभरही हलेना! शेवटी साहेबांनी कोट काढून मामींच्या हातात दिला. मामींनी तो फाटकाला अडकवला आणि पुन्हा खांदा लावला. "हं, एकदम!" साहेब ओरडले आणि चाक फिरलं.

तासाभराने इंजिन शेडमध्ये आलं तेव्हा साहेब घामाने निथळत होते.

"वजन किती याचं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"अठरा टन, साहेब."

"अठरा!" साहेबांनी तळहाताचे फोड न्याहाळले, मग लगेच घरी फोन लावला. "अगं ऐकलंस का? अठरा टन ढकललं मी! नाही गं, किलो नाही, टन! ... भंगारात? छे! इतकं ढकलून आणलेलं कुणी भंगारात देतं का?"

आठवड्याभराने अहवाल आला. मामांनी तो घाईघाईने उघडला. 'इंजिन चालू स्थितीत आहे काय?' यापुढे लिहिलं होतं, 'होय. किलोमीटरभर जाऊन परत आले. जतन करावे.' मामांनी अहवाल कपाळाला लावला. मामींनी तो काढून घेतला आणि खालची ओळ मोठ्याने वाचली.

'इंजिन कशावर चालते?'

'अकरा माणसांवर. अधिकारी धरून.'