शेवटचे क्रेहेनाउ आणि उलटा कावळा

आमचे घरमालक हेर (म्हणजे जर्मनमधले श्रीयुत) फॉन क्रेहेनाउ कुणाशीही हात मिळवताना आडनावापाठोपाठ "शेवटचा" हा शब्द जोडतात. बेकरीत, दवाखान्यात, नव्या पोस्टमनला सुद्धा. "फॉन क्रेहेनाउ. शेवटचा." मी पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा दाराबाहेर रांग होती आणि हे शेवटी उभे राहून मलाही "शेवटचा" म्हणाले. मला वाटलं, रांगेतले शेवटचे. मी आपली मुकाट्याने त्यांच्यामागे नंबर लावला. घर मला मिळालं ते बहुधा त्यामुळेच.

मी हायडेलबर्गला संशोधन करते आणि जवळच्या एका गावात त्यांच्या घरात पहिल्या मजल्यावर राहते. घराण्याचा इतिहास ते नेहमी जिन्यात सांगतात, कारण जिन्यात भाडेकरूला पळता येत नाही. मूळ पुरुषाने म्हणे एका बिशपचा चिखलात रुतलेला घोडा शेपटी धरून बाहेर ओढला. बिशपने खूश होऊन एक टेकडी दिली. टेकडीवर कावळे फार, म्हणून आडनावात कावळा आणि ढालीवरही कावळा. नातवाने किल्ला बांधला, पणतू सरदार झाला, एकजण तर सम्राटाच्या पंगतीला बसून आला. मग दोघा भावांचं माशांच्या तळ्यावरून वाजलं. निम्मी जहागीर वकिलांनी खाल्ली, उरलेली पुढच्या पिढ्यांनी. कुणी लढाईत गेले, कुणी मठात गेले. किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर आता शनिवारी पोरं बिअर पीत बसतात, आणि शेवटच्या क्रेहेनाउंनी गावातल्या चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलं. लग्नाचं मी एकदा भीत भीत विचारलं. "विचारलं होतं. ती नाही म्हणाली. गेनाऊ," म्हणजे "अगदी तसंच", एवढं बोलून ते वर गेले.

जिन्यातल्या भिंतीवर त्यांची ती गोल लाकडी ढाल आहे. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की ढाल उलटी टांगायची, अशी त्यांच्यातली जुनी रीत. म्हणून त्यांनी ढालीच्या खालच्या बाजूलाही एक कडी बसवून घेतली होती. आयत्या वेळी धावाधाव नको. रीत त्यांनी गावभर सांगून ठेवली होती, पण उलटी करणार कोण, हे मात्र ते कधी सांगत नसत. मीही विचारलं नाही.

नवरात्राच्या सुमारास माझी आई सांगलीहून आली. तिने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव "सरदार" ठेवलं. तिला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी त्यांनी तिचं थालीपीठ काट्याचमच्याने खाल्लं आणि दोघांचं जमलं.

पुढच्या आठवड्यात ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेले, मी कामासाठी हॅनोव्हरला गेले, आणि नेमकी आमची केरवोख आली. म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. आईला दसऱ्याआधी एवढी मोठी संधी मिळाल्यावर काय विचारता! जिना झाला, कठडे झाले, मग ढाल खाली उतरली. साबणाने धुऊन, खोबरेल चोळून तिने ती परत टांगली. शेकडो वर्षांचा कावळा तो, झिजून नुसता काळा डाग उरलेला. त्याचं डोकं कुठे आणि पाय कुठे, हे सांगलीच्या माणसाला कसं कळणार? कड्या तर दोन्हीकडे.

मी हॅनोव्हरहून येताना त्यांना हॉस्पिटलातून घेऊनच आले. ते कुबड्या टेकत जिन्याशी पोचले आणि थांबले. कावळा उलटा होता. खाली मेणबत्ती जळत होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंची फुलं होती, बेकरीवालीचा गुच्छ होता. शाळेतल्या मुलांनी चित्रं काढून ठेवली होती. त्यांचे चष्मे बसवताना हे त्यांना तोंडं वेडीवाकडी करून हसवत असत. हा सगळा थाट बघून इथला काहीतरी सण असावा असं आईला वाटलं होतं, म्हणून कावळ्याला हळदकुंकूही लागलं होतं.

हेर फॉन क्रेहेनाउ पायरीवर बसले. एकेक चित्र उचलून त्यांनी जवळून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मला वाटायचं, मी गेलो तर कुणाच्या लक्षातच येणार नाही. ढाल आपली तशीच सरळ राहील."

आई दारात आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून घेईल असं मला वाटलं होतं, पण ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"सरदारांना सांग," ती म्हणाली, "तुमची रीत मोडणार नाही. वेळ आली की उलटी करू. पण तेरावं झालं की सरळ करायची. दुखवटा कायमचा भिंतीवर टांगून ठेवत नाहीत."

तेरावं म्हणजे काय ते मी समजावलं. दुखवटा संपतो, सगळे मिळून गोड खातात, आपापल्या कामाला लागतात. ढाल पुन्हा सरळ करण्याची सोय त्यांच्या रीतीत नव्हतीच.

"आल्झो... बरं, आणि त्यानंतर?" त्यांनी विचारलं.

मी आईला विचारलं.

"त्यानंतर काय? जिना झाडायचा."

ते इतके हसले की कुबडी घरंगळत खाली गेली.

गुडघा बरा झाल्यावर एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. ढाल जिन्यात पालथी ठेवली होती, हातात खडू होता. पुन्हा घोटाळा नको म्हणून मागच्या बाजूला "वर" असं लिहून दे, म्हणाले. मी जर्मनमध्ये लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तुमच्या भाषेत लिही," ते म्हणाले. "वाचणार तुम्हीच आहात."